दार लावल्यावरचा दिवा

वहिनी बहिणीकडे निघाली तेव्हा तिच्या एका हातात बॅग होती, दुसऱ्या हातात छत्री आणि तोंडात सूचना. गॅसचं बटण बघा, गच्चीचं दार ओढून घ्या, जेवणानंतरच्या गोळ्या जेवणानंतरच घ्या. सगळ्या दादासाठी. दादा प्रत्येक सूचनेला "हो" म्हणत होता आणि एकही ऐकत नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात ही विद्या त्याने चांगलीच कमावली होती.

शेवटची सूचना मात्र वहिनीने दादाला दिलीच नाही. ती माईकडे वळली.

"माई, भाजीच्या कप्प्यातले कंद तेवढे तुम्ही बघा. यांच्यावर सोडले तर हे कांदे म्हणून चिरतील."

"कांदा आणि कंद यातला फरक मला कळतो," दादा म्हणाला.

"मागच्या वर्षी कळला नव्हता."

"चिरला होता फक्त. खाल्ला नव्हता."

"तुमच्यावर सोपवलंय म्हणजे मला काळजी नाही, माई," असं म्हणून वहिनी गेली. तिच्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि ती हिंडू-फिरू लागेपर्यंत वहिनी तिथेच राहणार होती.

माई ही दादाची धाकटी बहीण. आयुष्यभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करून ती नुकतीच निवृत्त झाली होती, आणि भाड्याची खोली सोडून दादा-वहिनीकडे कायमची राहायला आली होती. कायमची, असं सगळे म्हणत. पण या घरात रोज बोलणी बसत ती दादाला, माईला कधीच नाही. मागे एकदा तिच्या हातून काचेचा जग फुटला, तर वहिनी हसून म्हणाली, "असू द्या हो, जुनाच होता." त्याच दिवशी दादाने टेबलावर चहा सांडला आणि त्यावरचं व्याख्यान जेवण संपेपर्यंत चाललं. माईला त्या व्याख्यानाचा हेवा वाटला होता. "असू द्या हो" हे पाहुण्यांना म्हणतात. घरच्या माणसाला विचारतात, डोळे कुठे होते तुझे?

म्हणून कंद आपल्यावर सोपवले गेले याचं तिला फार वाटलं.

कंद ट्यूलिपचे होते. शहराच्या बागेत दर वर्षी फुलांचं प्रदर्शन भरे आणि गेल्या खेपेला वहिनीच्या कुंड्यांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. तेव्हापासून 'उत्तेजनार्थ' हा शब्द घरात काढायची कुणाची छाती नव्हती. यंदा पहिलं हवं होतं. पण ट्यूलिपच्या कंदाला आपण एक पुरता हिवाळा सोसला आहे अशी खात्री पटल्याशिवाय तो फुलत नाही. इथे थंडी पडायची ती नावापुरती. तेव्हा महिनोन्‌महिने कंद फ्रिजच्या खालच्या कप्प्यात कागदी पिशवीत झोपून असत. फ्रिज हाच त्यांचा हिवाळा. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून घरात सफरचंदांना फ्रिजबंदी होती. पिकताना सफरचंद एक वायू सोडतं. माणसाला त्याचा पत्ता लागत नाही, पण कंदातली कळी त्याने आतल्या आत मरते. दादाला सफरचंद गारच लागे. तो वर्षातले कित्येक महिने कोमट सफरचंद खाई आणि प्रत्येक घासाला उसासा टाकी.

वहिनीची रिक्षा कोपऱ्यावरून वळली तशी माई कामाला लागली. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी तिला भिंतीवरच्या घड्याळाऐवजी एक थर्मामीटर दिला होता. लांब बारीक तार, तारेच्या टोकाला तापमान जोखणारी सळई आणि दुसऱ्या टोकाला आकडा दाखवणारी छोटी डबी. अशी भेट मिळाल्यावर आनंदाने रडणारी त्या कॉलेजात ती एकटीच निघाली असती. तिने सळई कंदांच्या पिशवीत खुपसली, तार फ्रिजच्या आतल्या कडेने वर नेली आणि डबी वरच्या फळीवर लोण्याच्या बाजूला ठेवली, म्हणजे दार उघडलं की आकडा समोर. तार मधे लोंबू नये म्हणून ती कुठे अडकवावी हे ती शोधत होती, तर कडेलाच एक पांढरी पट्टी सापडली. पट्टीखाली जेमतेम तारेएवढी फट. जणू तिच्यासाठीच केलेली. तिने तार त्या फटीत नीट खोचली आणि दार लावलं.

पाच अंश. उत्तम.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ. संध्याकाळी अकरा.

"बरं झालं थर्मामीटर लावला," माई म्हणाली. "नाहीतर कळलंच नसतं."

दादाने हातातला पेपर खाली केला. "काय कळलं नसतं?"

"फ्रिज बिघडलाय."

"काल तुझी वहिनी होती तेव्हा चांगला होता."

"काल कुणी मोजलं होतं?"

 दादाने पेपर बाजूला ठेवला. तो उठला आणि फ्रिजला दोन चापट्या मारल्या. जन्मभर विम्याच्या कचेरीत बसलेला दादा कुठल्याही यंत्रावर दोनच उपाय करी. आधी थोपटायचं, मग बंद करून चालू करायचं. त्याने दोन्ही केले. फ्रिज गुरगुरला आणि पुन्हा आपल्या तंद्रीत गेला.

माईने आधी थर्मामीटरवर संशय घेतला. आरोपीच्या आधी साक्षीदार तपासावा हा तिचा जुना नियम. पेल्यात बर्फ आणि पाणी घेऊन तिने सळई बुडवली. डबीवर शून्य आलं. साक्षीदार खरं बोलत होता. सळई परत पिशवीत गेली आणि तार परत पट्टीखाली, पहिल्यासारखी नीट.

मग तिने फ्रिजमधली आकड्यांची चकती पाहिली. ती एकवर होती. तिने पाचवर केली आणि झोपायला गेली. सकाळी चकती पुन्हा एकवर. तिने ती पुन्हा पाचवर केली. दुपारी पाहते तर एक.

"दादा, चकती आपोआप फिरते."

"आपोआप नाही. मी फिरवतो. कुणीतरी सारखी पाचवर करतंय."

"ते कुणीतरी मीच."

"अगं, पाच म्हणजे जास्त आणि एक म्हणजे कमी. आपल्याला गारवा हवाय ना? मग तापमान कमी नको करायला?"

"आकडा तापमानाचा नाही दादा, गारव्याचा आहे. जितका मोठा, तितकं गार."

दादाने चकतीकडे पाहिलं. विमा उतरवून घेताना खोटं वय सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो असाच पाहत असणार. "हे कुठे लिहिलंय?"

ते चकतीच्या खालीच लिहिलं होतं, पण दादाचा चष्मा बाहेरच्या खोलीत होता.

"आता ऐक," माई म्हणाली. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की थांबायचं, आकडा बघायचा, मगच दुसरी. तू एक फिरवणार, मी एक फिरवणार, वर तू थोपटणार. मग बरा झाला तरी कशाने झाला हे कळायचं कसं?"

"बरा झाला की झालं. मला कशाला कळायला हवं?"

"मला कळायला हवं."

"लहानपणापासून अशीच आहेस तू, चिंगे," दादा म्हणाला. साठी ओलांडलेल्या बाईला चिंगी म्हणणारा आता जगात एवढा एकच माणूस उरला होता.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. बहिणीचा गुडघा, बहिणीची सासू, डॉक्टरांचा स्वभाव हे सगळं झाल्यावर तिने विचारलं, "आणि माझी मंडळी काय म्हणतायत, माई? गार आहेत ना?"

डबीवर तेव्हा बारा अंश होते. "आहेत," माई म्हणाली. एवढंच. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. फोन ठेवल्यावर तिला जेवण गोड लागेना. कंदांना वाटत असणार की वसंत आला. ते डोळे उघडतील, कोंब काढतील आणि प्रदर्शनाच्या कितीतरी आधी फुलून मोकळे होतील. किंवा फुलणारच नाहीत. मग वहिनी हसून म्हणेल, "असू द्या हो." तिने ताट तसंच बाजूला सारलं.

दादाला ते दिसलं असावं. भांडी विसळता विसळता तो म्हणाला, "वरच्या फ्रीझरमधे टाकू या का त्यांना? तिथे तर बर्फ पण होतोय."

"कांदा फ्रीझरमधे टाकलास तर काय होतं?"

"लिबलिबीत."

"मग?"

दादाने मान डोलावली. पण त्याच्या बोलण्याने माईच्या डोक्यात एक दिवा लागला. वर बर्फ होतो आहे. दगडासारखा. तिने बर्फाचे तुकडे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधले आणि कंदांच्या आजूबाजूला रचून ठेवले. आकडा चढायचा थांबला. आजाऱ्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवाव्यात तसं पिशव्या बदलायचं काम दोघांनी वाटून घेतलं. कंदांना निदान वेळ मिळाला.

सकाळी दादाने फ्रिजवाल्याला फोन लावला आणि दोन वाक्यांत माईच्या हातात दिला.

"कूलिंग नाही म्हणजे गॅस गेला, ताई," फ्रिजवाला म्हणाला. "उद्या टेम्पो घेऊन येतो. वर्कशॉपला न्यावा लागेल."

"पण वर बर्फ घट्ट आहे. गॅस गेला असता तर बर्फ कसा झाला असता?"

पलीकडे त्याने कुणाला तरी थांब म्हटलं. मग, "दुसरं काही असेल. पण ते पण वर्कशॉपलाच कळणार."

"किती दिवस लागतील?"

"ते कसं सांगणार, ताई? तोपर्यंत शेजारी ठेवा सामान."

शेजारी एक तरुण जोडपं राहत होतं आणि त्यांचा फ्रिज सफरचंदांनी नाहीतर आंब्यांनी सदा भरलेला असे. माईने फोन खाली ठेवला. म्हणजे जे करायचं ते आजच करायला हवं.

तिने ओट्यापाशी स्टूल ओढलं आणि दादाला समोर बसवलं. प्रयोगशाळेत असा गोंधळ झाला की ती मुलांना असंच बसवायची. "वर गार आहे, खाली नाही. म्हणजे गारवा तयार होतोय, पण खाली पोचत नाही. आता विचार कर. पाणी टाकीत आहे आणि नळाला येत नाही, तर काय बघशील?"

"प्लंबरचा नंबर."

"दादा."

"बरं, बरं. मधला पाइप."

"मधला पाइप. किंवा टाकीत येतंय तेवढंच कुठेतरी गळतंय."

गळती आधी पाहायची ठरली. माईने जुन्या पेपरची पट्टी कापली, दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. दाराचं रबर नीट बसलं असेल तर कागद अडखळत येतो. सैल असेल तर सुळकन येतो. वर, खाली, कोपऱ्यात, बिजागरीकडे, सगळीकडे कागद अडखळत आला. एका ठिकाणी तर फाटला. त्यावर दादाच्या शब्दकोड्याचा निम्मा भाग होता.

"अजून सोडवायचं होतं मला ते," तो म्हणाला.

"उभे शब्द आहेत अजून."

मग मधला पाइप, म्हणजे वरून खाली हवा येण्याची जाळी. ती फ्रिजच्या मागच्या भिंतीत, वरच्या फळीच्या मागे होती. समोर डबे असले तर हवा अडणार. माईने एकेक डबा काढून ओट्यावर मांडायला सुरुवात केली. लोणी अगदी मऊ पडलं होतं. मुरांब्याची बरणी, दुधाचं पातेलं, झाकण हरवलेला डबा, डबा हरवलेलं झाकण. दादा अचानक फार मदत करू लागला. "तो मागचा मी काढतो, तू राहू दे, तुझी पाठ दुखेल," असं म्हणून त्याने हात पुढे घातला. पण माईचा हात आधीच तिथे होता.

मागच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेलं, एक लालबुंद सफरचंद होतं. एका बाजूने चावलेलं.

माईने ते ओट्यावर दादासमोर ठेवलं.

"तुझी वहिनी गेली त्या दिवशी ठेवलं," दादा शेवटी म्हणाला. "म्हटलं, एकदा तरी गार खावं. तर गारच होईना. रोज बघायचो, चावून बघायचो. कोमट."

"म्हणजे फ्रिज बिघडलाय हे तुला माझ्याआधी माहीत होतं."

"माहीत होतं. सांगणार कसा?"

माईला रागवायचं होतं, पण हसू आवरेना. तिने सफरचंद उचलून खिडकीत ठेवलं. जाळी पाहिली. ती मोकळी होती, फक्त तिच्यातून हवा म्हणून येत नव्हती. तळवा धरला तरी काही नाही. मग तिने वरचा दिवा बघावा म्हणून त्याच्या झाकणाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"काय झालं?"

"भाजलं."

"फ्रिजमधे?"

बोट तोंडात धरून माई तशीच उभी राहिली. दार उघडल्याला थोडा वेळ झाला होता, त्याने तापला असेल. असेल? तिने दार लावलं, ओट्यावरची भांडी सावकाश आवरली, चहा केला, दोघांनी तो प्यायला. मग तिने दार उघडलं आणि लगेच झाकणाला बोट टेकवलं. पुन्हा चटका.

"दादा, आत्ता लागलेला दिवा इतका गरम कसा?"

दादाने कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद पसरला की माईला तो निकर घालून चिंचेच्या झाडावर बसलेला दिसू लागला.

"मी म्हणालो होतो," तो म्हणाला.

"काय?"

"आठव. घरात पहिला फ्रिज आला तेव्हा. मी काय म्हणालो होतो?"

माईला आठवलं. त्या फ्रिजपुढे दोघं दिवस दिवस भांडत. दादा म्हणे, दार लावलं तरी आत दिवा चालूच असतो. चिंगी म्हणे, विझतो. तिने कडेचं बटण बोटाने दाबून दिवा विझवून दाखवला होता. तर दादा म्हणाला होता, "तू बोट लावलंस म्हणून विझला. दार बंद असताना आत कुणी पाहिलंय?" यावर चिंगीला उत्तर सुचलं नव्हतं. पुढे मोठी झाल्यावर, चांगला प्रश्न कसा असतो हे सांगताना, ती मुलांना हाच प्रश्न सांगत असे. कुणी विचारला होता ते मात्र सांगत नसे.

"तुझा फोन दे," ती म्हणाली.

"कशाला?"

"आत कुणीतरी बघायला हवं."

नवा कोरा फोन दूध-लोण्यात ठेवायला दादा तयार होईना. "गारठेल तो."

"गारठला असता तर हा उद्योग करावा लागला असता का?"

हे दादाला पटलं. फोनवर चित्रण सुरू करून त्याने तो मुरांब्याच्या बरणीला टेकवून उभा केला आणि दार लावलं. दोघं बाहेर उभी राहिली, दवाखान्यात आतल्या खोलीचं दार उघडायची वाट बघतात तशी. थोड्या वेळाने दादाने विचारलं, "झालं असेल का?" माईने दार उघडलं.

चित्रात आधी दादाचं नाक होतं. मग ते मागे सरलं, दार जवळ जवळ येत गेलं आणि लागलं. लख्ख उजेडात दाराच्या आतल्या बाजूच्या बाटल्या एका रांगेत उभ्या होत्या. उजेड कमी झाला नाही. मिणमिणला नाही. बाहेरून दबका आवाज आला, "झालं असेल का?" आणि दिवा लग्नघरासारखा जळत राहिला.

"विझत नाही," दादा म्हणाला. त्याने हे फार हळू म्हटलं. इतक्या वर्षांनी खटला जिंकलेला माणूस ओरडत नाही.

"विझायला हवा," माई म्हणाली. "बटण दाबलं की विझायला हवा. दार लागलं की दार ते बटण दाबतं. तेव्हा मी बोटाने..."

आणि ती थांबली. या फ्रिजमधे बटण कुठे आहे? तिने कडेने नजर फिरवली. बटण असं काही नव्हतं. फक्त कडेला ती पांढरी पट्टी होती. आणि पट्टीखाली, जणू तिच्यासाठीच केलेल्या फटीत, नीट खोचलेली तिची तार.

माईने बोटाने पट्टी दाबून पाहिली. ती तारेवर अडली. तिने तार काढली आणि पट्टी पुन्हा दाबली. दिवा विझला. त्याच क्षणी मागच्या जाळीआडून घुर्र असा आवाज सुरू झाला आणि गार हवेचा झोत सरळ तिच्या तोंडावर आला. पट्टी सोडली की दिवा लागे आणि हवा थांबे. दाबली की दिवा विझे आणि हवा वाहे. या फ्रिजचा पंखाही त्याच पट्टीवर होता. दार उघडं असताना तो थांबे, म्हणजे गार हवा घरभर उधळू नये. तार खोचल्यापासून फ्रिजला बिचाऱ्याला वाटत होतं की आपलं दार उघडंच आहे. म्हणून तो दिवा जाळत होता आणि पंखा रोखून वाट बघत होता, कुणी लावतंय का.

"म्हणजे," दादा म्हणाला, "फ्रिज गार आहे का हे बघायला तू जे लावलंस, त्यानेच तो गरम झाला."

"हो."

"आणि तो गरम झाला हे तुला त्यानेच सांगितलं."

"हो रे बाबा."

"चिंगे, हे तुझ्या कॉलेजात सांग. मुलांना आवडेल."

माई स्टुलावर बसली. आयुष्यभर तिने मुलांना सांगितलं होतं की मोजणारा हात मोजमापात लुडबुड करतो, तेव्हा जपून. आणि स्वतःच्या हाताने तिने ही तार खोचली होती. एकदा नाही, दोनदा.

दादाने फ्रिजवाल्याला टेम्पो आणू नको म्हणून कळवलं. मग तो तिच्यासमोर उभा राहिला आणि घसा खाकरला. "हे बघ. फ्रिज चालू झाला. तुझ्या वहिनीला काही सांगायची गरज नाही. तू सफरचंदाचं बोलू नकोस, मी तारेचं बोलत नाही. विषय संपला."

माईने जरा विचार केला. मोह होताच. "कंदांचं काय झालंय ते आपल्याला माहीत नाही. तिला सांगितलं तर ती आल्यावर त्यांच्याकडे नीट बघेल. नाही सांगितलं आणि कळ्या मेल्या, तर ती बिचारी मातीला दोष देईल, खताला देईल, पुढच्या वर्षी सगळंच बदलेल."

"एका वेळी सगळं," दादा पुटपुटला.

"तेच."

संध्याकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा माईने आधी तारेचं सांगितलं, सगळं, काही न गाळता. दादाने हातवारे करून सफरचंद तेवढं गाळ म्हणून विनवलं, पण ते कंदांसाठी महत्त्वाचं होतं, म्हणून तेही सांगितलं. पलीकडे कुणीतरी मोठ्याने खोकत होतं, कपबशांचा आवाज येत होता. 

मग वहिनी म्हणाली, "असू द्या हो, माई. काही हरकत नाही."

माईने फोन दादाकडे दिला आणि कंद गार आहेत का ते बघायला उठली. आकडा सहावर आला होता, पण तिला त्याचा आनंद झाला नाही.

वहिनी परतली ती दुपारी. बॅग दारातच ठेवून, चपला कशाबशा काढून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. फ्रिज उघडून पिशवी काढली आणि ओट्यापाशी उभी राहून एकेक कंद बोटांनी दाबून बघू लागली, डॉक्टर पोट दाबतात तशी. घट्ट, घट्ट, घट्ट. दोन कंदांच्या टोकाशी हिरवी नाकं बाहेर आली होती. ते तिने वेगळे ठेवले. माई आणि दादा दारात उभी होती. 

वहिनी वळली.

"तिकडे बहिणीची सासू कानाशी बसली होती, म्हणून बोलले नाही," ती म्हणाली. "माई, अहो, इतकं शिकलात, इतकी वर्षं पोरांना शिकवलंत, आणि तार खोचायला अख्ख्या फ्रिजमधे दुसरी जागा मिळाली नाही? डोळे कुठे होते तुमचे? आणि पहिल्या फोनवर मी विचारलं, गार आहेत का, तर म्हणे 'आहेत'. आहेत म्हणजे काय? मी काय तुमच्या वर्गात बसलेय, एका शब्दात उत्तरं घ्यायला? आणि तुम्ही," ती दादाकडे वळली, "तुम्ही तर बोलूच नका. एक सफरचंद. एक सफरचंद सुटलं नाही या माणसाकडून. तुम्हा दोघा भावंडांना एका घरात सोडून जायचं म्हणजे शेजाऱ्यांना आधी कळवून जायला हवं."

ती बोलत राहिली. जग फोडला होता तेही निघालं. तो जुना नव्हताच, चांगला नवा होता. माई मान खाली घालून ऐकत होती. लहानपणी आईसमोर उभी राहत तशीच दोघं शेजारी शेजारी उभी होती, आणि तेव्हासारखंच दादाने कोपराने तिला हळूच ढोसलं. माईने ओठ घट्ट मिटले, पण उपयोग झाला नाही.

"हसताय काय? यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही, वहिनी," माई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि हसू थांबत नव्हतं.

"जागे झालेले हे दोन आजच कुंडीत लावायचे. प्रदर्शनाच्या आधीच फुलतील, मग बसा आपल्या खिडकीत ठेवून बघत. बाकीचे वाचलेत असं वाटतंय. सफरचंदाचं मात्र कळी उमलेपर्यंत कळणार नाही. कळी मेलेली निघाली तर..." तिने दादाकडे पाहिलं आणि वाक्य तसंच सोडून दिलं. "माई, माती चाळायला घ्या. नुसत्या उभ्या काय राहता?"

माई माती चाळायला निघाली. इतक्या महिन्यांत तिला या घरात कुणी असं दटावून काम सांगितलेलं नव्हतं. ती दारापर्यंत पोचली नाही तोच वहिनीने हाक मारली.

"थांबा. तो दिवा आता नक्की विझतो का?"

"विझतो," माई म्हणाली.

"कुणी पाहिलंय?" दादा म्हणाला.

वहिनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पर्समधून स्वतःचा फोन काढला. तो लोण्याच्या बाजूला उभा राहिला, दार लागलं, तिघं बाहेर थांबली.

ते चित्रण वहिनीच्या फोनमधे अजून आहे. त्यात दिसत काहीच नाही. दार लागतं आणि काळोख होतो. त्या काळोखात पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते, आणि पलीकडून, दारापल्याडून, तीन माणसांचं भांडण. एक आवाज म्हणतो, विझला असेल. दुसरा म्हणतो, कशावरून. आणि तिसरा दोघांवर सारखाच ओरडत असतो, की दार उघडू नका रे, जरा दम धरा.